मेजरांची झोप

मेजर झोपले की त्यांना उठवायचं नाही, हा नियम त्यांच्या बायकोनं मला दुकान भाड्यानं देतानाच सांगितला होता. नारायणगावात एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं आणि घराच्या पुढच्या खोलीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. मी जागा बघायला गेले तेव्हा ओट्यावरच्या बाजेवर एक लांबलचक माणूस तोंडावर फौजी टोपी ओढून निजला होता. गल्लीतून टोमॅटोचे टेम्पो हॉर्न वाजवत चालले होते, शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफट करत होता, आणि हा माणूस विहिरीच्या तळाशी असावा तसा शांत. "आजारी आहेत का?" मी हळूच विचारलं. "न्हाई," काकी म्हणाल्या, "कामावर हायेत." मला वाटलं, बाई थट्टा करतात. पुढं कळलं की त्या अगदी खरं सांगत होत्या.

आमच्या भागात फौजेतून परत आलेला कुणीही मेजरच असतो, मग तो तिथं स्वयंपाकी का असेना. आमचे मेजर खेचरांच्या पलटणीत होते. डोंगरावरच्या चौक्यांना खेचरांच्या पाठीवरून रॉकेल, पीठ आणि दारूगोळा पोचवायचा, हे त्यांचं काम. त्या गोष्टी ते इतक्या हळू आवाजात सांगत की ऐकताना आपल्यालाच पेंग यावी. चढ लांबलचक, वाट एक माणूस मावेल एवढी, खाली ढग. दमलेला माणूस खेचराची शेपटी धरायचा आणि डोळे मिटायचा. पाय चालत राहायचे. "खेचर जागं असतं ना ताई, आपुन कशाला जागायचं?" ते म्हणत. तिथं त्यांना झोपेत चालायची सवय लागली आणि झोपेत बघायची पण. पुढं चालणारी माणसं झोपेतही दिसत असत, पाठमोरी, एकामागं एक, ढगात जाणारी. त्यातली काही परत आली नाहीत. हे सांगताना मेजर कधी रडवेले झाले नाहीत. उलट, ओळखीच्या गावाचं नाव निघाल्यावर माणूस हसतो तसे ते हसायचे.

त्यांचं काम म्हणजे विधवांची अपिलं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत घरटी नाही तरी वाडीटी एक फौजी निघतोच. तो पेन्शनीत येतो, शेती बघतो, आणि एक दिवस जातो. मग त्याच्या बायकोला कुटुंब-पेन्शन मिळायची असते आणि तिथं काहीतरी अडतं. नोंदीत तिचं नावच नसतं, किंवा असतं ते माहेरचं, किंवा जन्मसाल असं असतं की ती नवऱ्यापेक्षा थोरली ठरावी. कचेरीतून नकाराचं पत्र येतं. त्यावर अपील करायचं असतं. ते पत्र पदरात गुंडाळून बाई मेजरांच्या ओट्यावर येऊन बसायची आणि मेजर तिला पहिला प्रश्न विचारायचे, "दुपारचं ते कुठं झोपायचे?"

बाई बावचळायची. तिनं आणलेले कागद तिच्या हातातच राहायचे. मग मेजर समजावून सांगायचे की मी एक दिवस येईन, जेवीन आणि ते झोपायचे तिथं झोपेन. ते दिसले की अपील लिहीन. पैसे घ्यायचे नाहीत, जेवण मात्र भरपूर पाहिजे. उपाशीपोटी झोप लागत नाही आणि झोप लागली नाही तर सगळंच मुसळ केरात. एखादीचा भाऊ किंवा दीर बरोबर असला तर तो माझ्याकडं बघून कपाळाला हात लावायचा. मी खांदे उडवायची. मी टाइप करणारी बाई, मला काय त्याचं.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "मेजर, खरंच दिसतात का हो?"

"दिसत्यात म्हंजी टीव्हीवानी न्हाई दिसत," ते म्हणाले. "पाठमोरे दिसत्यात. कुनी गोठ्याकडं चाललेला असतो, कुनी चप्पल हुडकत असतो. तोंड कुनाचंच दिसत न्हाई."

"मग ओळखता कसे?"

"पाठीवरनंच वळखायचं असतं मानूस. तोंडाचं काय, तोंड फसवतं."

हे उत्तर काही मला पटलं नाही, पण समोर एक फॉर्म चारदा छापून चुकला होता आणि मला वाद घालायला वेळ नव्हता.

आमचं खरं भांडण अर्जाच्या मजकुरावरून व्हायचं. मेजर माझ्यामागं स्टुलावर बसून सांगत आणि मी टाइप करत असे. एकदा मंचरकडच्या एका बाईचं अपील चाललं होतं. विषय, संदर्भ, महोदय, सगळं झालं, आणि मेजर म्हणाले, "लिव्हा. सदर सैनिकास शेंगदाण्याची चटणी फार आवडत असे."

मी हात थांबवले. "अर्जात चटणी कशाला?"

"वाचनाऱ्याला मानूस दिसला पायजे."

"त्यांना माणूस नको असतो मेजर, त्यांना नंबर हवा असतो."

"नंबर वर लिव्हलाय की. आता मानूस लिव्हा."

मी रागानं ते वाक्य टाइप केलं आणि प्रिंट काढताना पुसून टाकलं. मेजरांनी कागद वाचला, परत दिला आणि स्टुलावरच डोळे मिटून घेतले. त्यांना राग आला की ते झोपत. तास गेला, गिऱ्हाइकं येऊन जाऊन कंटाळली, मेजर हलेनात. शेवटी मी चटणी परत घातली. ते अपील मंजूर झालं. चटणीमुळं झालं नाही, हे मी कुठल्याही देवळात शपथ घेऊन सांगायला तयार आहे. पण मेजरांनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले आणि मला दोन जास्त दिले.

आहुप्याला एका घरी ते गेले तेव्हा परत यायचं नावच घेईनात. तिथला मेलेला शिपाई दुपारी देवराईच्या कडेला गुरं बसवायचा आणि तिथंच एका दगडाला टेकून डुलकी काढायचा. मेजरही त्या दगडाला टेकले. वरून धुकं उतरलं आणि राईतली झाडं एकेक करून नाहीशी झाली. गावातल्या लोकांनी त्यांना हाका मारल्या, तर आतून आवाज आला, "गप, अजून गुरंच जातायत." दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं ते आले, कपडे ओले, डोळे स्वच्छ. मला म्हणाले, "मानूस न्हाई दिसला, नुसती गुरं दिसली. पर एक बी गाय भरकटलेली नव्हती. बघा, कसला जपनारा गडी असंल." आणि अर्जात लिहायला लावलं की सदर सैनिकास जनावरांचा लळा होता. तेव्हा मात्र मी वाद घातला नाही. त्यांच्या कांबळ्याला धुक्याचा वास येत होता आणि मला उगाच भरून आलं होतं.

बाकी त्यांच्या झोपेचे तोटे भरपूर होते. एस.टी.त बसले की हमखास पुढं जायचे. जुन्नरला उतरायचं म्हणून निघालेला माणूस बस डेपोत लागल्यावर कंडक्टरच्या हातानं खाली यायचा. कचेरीतल्या बाकावर झोपायचे आणि त्यांचं नाव पुकारलं की शेजारची बाई त्यांना ढोसायची. पण एक सांगते, त्यांच्या शेजारी बसलेल्या बायका घाबरलेल्या नसायच्या. सरकारी कचेरीत एखादा माणूस इतका गाढ झोपू शकतो, याचाच त्यांना धीर येत असावा.

हौसाबाई आली ती अशीच, पदरात पत्र घेऊन. खोडदची. नवरा आदल्या वर्षी वारला होता. मूलबाळ नाही. मळ्यात दोन खोल्या, शेजारी धाकट्या दिराचं घर. दीर चांगला होता, ताट वाढायला कमी करत नव्हता, पण जन्मभर स्वतःचं चहा-मीठ स्वतः आणणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या पिशवीकडं बघत बसणं जड जात होतं. तिला तिची पेन्शन हवी होती. तिचं एक अपील आधीच कुणाकडून तरी लिहून घेऊन झालं होतं आणि तेही फेटाळलं होतं. हे दुसरं, आणि शेवटचंच म्हणायचं.

पत्र मी वाचलं. सेवेच्या नोंदीत लग्नाची एक तारीख होती आणि तिनं ग्रामपंचायतीकडून आणलेल्या दाखल्यावर दुसरीच, कितीतरी महिने आधीची. आणि त्या आधीच्या तारखेला सदर सैनिक सरहद्दीवर कामावर हजर असल्याची नोंद होती. नवरदेव लग्नाच्या दिवशी लग्नात नव्हता, सबब विवाह सिद्ध होत नाही.

"मावशी, हे कसं काय?" मी विचारलं.

"बराबर लिव्हलंय त्यांनी," हौसाबाई म्हणाली. "नव्हतेच ते. माझं लगीन खांड्याशी लागलं."

मग तिनं सांगितलं. लढाई लागायच्या आधीचा उन्हाळा. मांडव घातलेला, हळद लागलेली, आणि तार आली की रजा रद्द. तिचा बाप डोकं धरून बसला. हळद लागलेली पोर घरात ठेवायची कशी? तेव्हा गावातला एक म्हातारा बोलला की पूर्वी मुलगा लढाईवर असला तर त्याच्या जागी खांडा, म्हणजे तलवार, उभा करायचे, लग्न लागायचं. पाटलाच्या घरी जुना खांडा होता, देव्हाऱ्यात पुजलेला. तो आणला, पाटावर उभा धरला, त्याला मुंडावळ्या बांधल्या. अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. तिच्या शालूची गाठ खांड्याच्या मुठीला बांधली आणि दिरानं तो खांद्यावर घेऊन तिच्यापुढं फेरे घेतले.

मला एकदम हलकं वाटलं, कारण उपाय अगदी सोपा होता. "मावशी, काही काळजी करू नका. मालकांनी फौजेत जी तारीख सांगितली, तीच खरी असं प्रतिज्ञापत्र करू. दाखला परत घेऊ. काम होऊन जाईल."

"ती तारीख कशाची हाय, ठावं हाय का तुमाला?" तिनं विचारलं. "ती ते लढाईवरनं रजेवर घरी आले त्या दिसाची हाय. त्याच्या आदुगर मी त्या घरात नांदत व्हते. सासूचं दुखनं काढलं. बाजरी काढली, कांदा लावला. ती तारीख खरी म्हनली, तर तवर मी तिथं कोन म्हून व्हते?"

मी पत्र तिच्या हातात परत दिलं. मग ती पत्राकडं बघत, माझ्याशी नाही, मेजरांशीही नाही, असं म्हणाली, "पेन्शनचं ऱ्हाऊ द्या. पर त्यांनीच का लिव्हलं तसं? मेल्यावर कळलं मला. इतकी वर्सं मला वाटत व्हतं, आमची दोघांची तारीख येकच हाय."

मेजर बाजेवरून उठून बसले होते. "दुपारचे कुठं झोपायचे ते?" त्यांनी विचारलं, पण नेहमीपेक्षा फार सावकाश.

खोडदला मळ्यांच्या मधोमध रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड जाळीच्या अँटेना उभ्या आहेत, आभाळातले आवाज ऐकायच्या. लहानपणापासून बघणाऱ्यांना त्यांचं काही वाटत नाही. त्यांच्या सावलीच्या अंतरावर कांदा काढतात, म्हशी धुतात. हौसाबाईच्या पडवीतून त्यातली एक समोर दिसायची. तिचा नवरा दुपारी बाजेवर पडून त्या अँटेनाकडं बघत बसायचा, आणि ती हळूच फिरली की म्हणायचा, "कूस बदलली बघ हिनं." हौसाबाईनं मेजरांसाठी मासवडी केली. मासवडी आणि तो तिखट रस्सा खाऊन ज्याला झोप लागत नाही, त्यानं वैद्याकडं जावं. मेजर पोटभर जेवले, बाजेवर आडवे झाले, टोपी ओढली. आणि त्यांना झोप लागली नाही.

हे मला काकींनी सांगितलं, घाबऱ्या आवाजात. मेजर पुन्हा एकदा खोडदला जाऊन आले. तेव्हाही तेच. आता ते घरी दुपारचे ओट्यावर येरझारा घालायचे. "दुपारचे जागे हायेत वं ते," काकी माझ्या दुकानात येऊन कुजबुजल्या. "डाक्टरला दावू का?" मी हसले, पण मेजरांचा चेहरा बघून माझंही हसू गेलं. इतक्या वर्षांत मी त्यांना इतका वेळ उभं पाहिलंच नव्हतं.

"ह्यो मानूस येत न्हाई ताई," ते म्हणाले. "पाठ बी दावीत न्हाई. काय लिव्हू मी?"

"तिची तारीख लिहा आणि खांड्याचं सगळं लिहा," मी म्हणाले.

"ते लिव्हनारच. पर त्या बाईनं इचारलंय ते येगळंच हाय की."

मुदत संपत आली होती, म्हणून तिसऱ्या खेपेला मीच त्यांच्याबरोबर गेले. निदान हौसाबाईची सही तरी घेऊ. हिवाळ्यातली दुपार होती, ऊन पिवळं आणि पातळ. पाण्याच्या पाटातून वाफ उठल्यासारखं दिसत होतं, पण ते ऊनच असावं. मेजर बाजेवर पडले आणि या वेळी त्यांनी टोपीऐवजी हौसाबाईच्या नवऱ्याचं कांबळं डोक्यावरून घेतलं. आम्ही दोघी उंबऱ्यात शेंगा फोडत बसलो. थोड्या वेळानं कांबळं एका लयीत खालीवर व्हायला लागलं. मी हौसाबाईला खुणेनं सांगितलं, लागली एकदाची.

ती बाजेकडं बघत राहिली. कांबळ्याखाली कोण आहे हे दिसत नव्हतं. नुसतं एका पुरुषाचं लांब अंग आणि बाहेर आलेली टाच. अँटेना पलीकडं उन्हात उभी होती, आणि तिच्या जाळीतून आभाळ आरपार दिसत होतं. हौसाबाई आधी माझ्याशीच बोलत होती.

"ते आले तवा मी दारात व्हते. धान्य पाखडत. येक मानूस आला, काळा पडल्याला, दाढी वाढल्याली, अंगावर ह्ये एवढी धूळ. मला म्हनला, पानी दे गं बाई. मी पदर घेतला आन् तांब्या दिला. मला वाटलं, कुनी वाटसरू. त्यानी पानी पिलं आन् इचारलं, तू कुनाची? मी म्हनलं, ह्या घरची सून. तर तो मानूस दाराला टेकूनच बसला खाली."

ती हसली. मग हसू थांबलं आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. आता ती माझ्याशी बोलत नव्हती.

"मला वाटलं व्हतं, तुमाला कळलं. मी तुमची वाट बघत व्हते म्हून. मग का हो लिव्हलं तसं? मी तुमच्याशी लगीन केल्यालं तुमी मोजलंच न्हाई व्हय?"

मला उठून जावंसं वाटलं. उठता आलं नाही. पाटाचं पाणी ऐकू येत होतं, आणि लांब कुठंतरी एक मोटर बंद पडून पुन्हा सुरू झाली. कांबळं खालीवर व्हायचं थांबलं.

"पलटणीतल्या बाबूनं इचारलं, लगीन कवाचं," कांबळ्याखालून आवाज आला. झोपेतल्या माणसाचा असतो तसा, घोगरा, शब्दाशब्दात अंतर पडलेला. "मला काय ठावं खांड्याचं. मी डोंगरावर व्हतो. मला येकच दिस ठावा. घरी आलो, दारात येक बाई. तिनं वळखलं न्हाई, पर पानी दिलं. मी बाबूला म्हनलं, लिव्ह. त्योच दिस लिव्ह."

मग काही नाही. कांबळं पुन्हा हलायला लागलं. समोरची अँटेना फिरायला लागली होती, इतकी हळू की आधी मला वाटलं आपलंच डोकं फिरतंय. तिच्या मागची, त्याच्याही मागची, सगळ्या एकाच दिशेला तोंड करत होत्या. हौसाबाईनं ओच्यातल्या शेंगा सुपात ओतल्या, पदरानं तोंड पुसलं आणि चहा ठेवायला आत गेली.

मेजर उठले तेव्हा मी विचारलं, "दिसले का?"

"दिसले," ते म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

अपील त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यात चटणी नव्हती, गुरं नव्हती. खांडा होता, तांब्या होता, आणि एक वाक्य हौसाबाईचं होतं, जे तिनं चहा देताना म्हटलं होतं: आमचं लग्न दोनदा झालं, आधी मी त्यांच्याशी केलं, मग त्यांनी माझ्याशी. मी ते एक अक्षर न बदलता टाइप केलं. प्रिंट काढताना माझे डोळे भरून आले होते आणि मशीनमध्ये कागद अडकला, तो मी उगाच दोन शिव्या देऊन ओढला.

सुनावणी पुण्याला होती. आम्ही तिघं गेलो. साहेब तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी अपील वाचलेलं होतं, हे पहिल्या दोन वाक्यांतच कळलं, कारण त्यांनी हौसाबाईला बसायला खुर्ची द्यायला सांगितलं आणि विचारलं, "आजी, खांडा फार जड होता का?"

"लई जड," ती म्हणाली. "दीर बारका व्हता तवा. वाकला व्हता निस्ता."

साहेब हसले. मग त्यांनी समोरचा स्क्रीन थोडा तिच्याकडं वळवला. "आजी, मला सगळं पटलं. तुम्ही त्यांच्या पत्नी आहात यात मला शंका नाही, तसा शेरा मी मारतो. पण इथं लग्नाच्या तारखेला एकच रकाना आहे. दोन तारखा हे मशीन घेत नाही. दुसरी, म्हणजे नोंदीतली, घातली तर आज काम होतं. पहिली घालायची तर जुनी नोंद दुरुस्त करावी लागेल, पुन्हा वर जाईल, वेळ लागेल. मी जबरदस्ती करत नाही. तुम्ही सांगाल ती."

हौसाबाईनं स्क्रीनकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही, बघायची हिंमत नव्हती.

"त्यांची घाला," ती म्हणाली.

साहेबांनी बोटं पुढं केली आणि मेजर उठून उभे राहिले. सावधानमध्ये उभे राहिले, इतके खाड्कन, की दारातल्या शिपायानं वळून बघितलं.

"थांबा सायेब. वहिनी, थांबा." ते म्हणाले. "त्या दिशी मला झोप आली नव्हती. मी जागा व्हतो. बोललो ते मीच बोललो वहिनी. ते आलेच न्हाईत. माझ्या बोलन्यावर तुमची तारीख सोडू नका."

इतकी वर्षं मी त्यांच्या स्वप्नांवर हसत आले होते, आणि आता तेच सगळं खोटं म्हणतात तर मला ते ऐकवेना. साहेब एकदा मेजरांकडं, एकदा हौसाबाईकडं बघत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

हौसाबाईनं मेजरांच्या बाहीला धरून त्यांना खाली बसवलं.

"ठावं हाय भाऊ," ती म्हणाली. "माझा नवरा जन्मभर झोपेत घोरला. बोलला कवाच न्हाई. त्यांचा आवाज मला ठावा न्हाई व्हय?"

"मग?" मेजर म्हणाले.

"मग काय? त्यांना इचारायचं राहूनच गेलं व्हतं. तुमी बोलला, तवा मला त्यो दिस त्यांच्या अंगानं दिसला. तवर मी माझ्याच अंगानं बघत व्हते."

मेजरांनी टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून ठेवली. हौसाबाई साहेबांकडं वळली.

"घाला सायेब त्यांचीच. माझ्या लग्नाला अख्खा गाव हजर व्हता, ते कागदात नसलं तरी कुनी न्हाई म्हननार न्हाई. त्यांच्या लग्नाला आमी दोघंच व्हतो. त्यातले ते गेले. तेवढं तरी कागदात ऱ्हाऊ द्या."